अंदमानला पोरं घेऊन जाताना: आधी भरतीची वेळ, मग एजंटचा कागद

दिवाळी झाली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "वहिनी, अंदमानला चाललोय, पोरांसाठी औषधं बांधून द्या." मी औषधं बांधते, आणि मग गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटं उभं करून बाकीचं सांगत बसते. मागे रांग वाढते, नवरा डोळे वटारतो. म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकू.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. मी, नवरा, नऊ वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि अडुसष्टीच्या सासूबाई. आम्ही नाशिकरोडचे, पाणी म्हटलं की गोदाघाट. सासूबाईंचं माहेर मात्र कोकणात, समुद्रकाठच्या हर्णैचं. लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली तरी कॅलेंडरवर तिथी दिसली की त्यांच्या तोंडून आधी भरतीची वेळ निघते. हे एक माणूस बरोबर नसतं तर आमच्या सहलीचं काही खरं नव्हतं.

एजंटने दिलेला कागद अजून माझ्याकडे आहे. सहा दिवसांत अकरा ठिकाणं. पहिल्या दिवशी विमानातून उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल, एक बीच आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. आम्ही नाशिकहून रात्री नऊला निघालेलो, मुंबईहून पहाटेचं विमान, चेन्नईत बदली. धाकटा शोमध्ये आजीच्या मांडीवर गाढ झोपला आणि अंधारात स्पीकरचा मोठा आवाज झाल्यावर दचकून असा रडला की मी त्याला घेऊन बाहेर रस्त्यावर फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी साडेचारला उठवून फेरी गाठली, तो बोटीत दोनदा ओकला. तसंच त्याला दुपारी बाराच्या उन्हात हॅवलॉक बेटावरच्या राधानगर बीचला नेलं. रात्री अंग तापलेलं. स्वतःचं मेडिकल असलेली बाई मी, आणि पोराला पाणी किती पाजलं हे मला सांगता येईना.

त्या रात्री सासूबाईंनी एजंटच्या कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली. "उद्या कुठे जायचं नाही. पाणी कधी चढतं ते विचारून ये." पुढे सहल सावरली ती इथून.

दिवस मांडताना

लहान मुलं असतील तर सहा रात्रींत दोनच बेटं धरा. पोर्ट ब्लेअरला एक रात्र, हॅवलॉकला सलग तीन, आणि परतीच्या आधी पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक. उरलेली सहावी रात्र हॅवलॉकलाच वाढवा. नील बेट सुंदर आहे, पण त्यासाठी आणखी एक फेरी, आणखी एकदा बॅगा भरणं, आणखी एक नवी खोली. चार वर्षांच्या मुलाला नवी खोली म्हणजे नव्याने झोपेची मारामारी. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर खुशाल जा.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला हवीच. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, आणि हॅवलॉकला अडकून विमान चुकलं तर पाच तिकिटं पुन्हा काढावी लागतात. मूल दोन वर्षांचं पूर्ण झालं की विमानात त्याची वेगळी सीट घ्यावीच लागते, हे हिशेबात धरा.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या. 2018 साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. 2024 साली पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, बोर्डावर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं, असं होतं. आम्ही जेट्टीवर पाच मिनिटं चुकीच्या रांगेत उभे होतो.

बाराटांग बेटाचा दिवस आम्ही काढून टाकला. त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून जिरकाटांगच्या चौकीवर रांग लावायची आणि गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. तिथे थांबायला, फोटो काढायला बंदी आहे. तरी गाडीत सगळे काचेला नाक लावून बसतात ते कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणसं बघायला पोरांना न्यायचं मला पटलं नाही. झोप वाचली ते वेगळंच.

महिना म्हणाल तर डिसेंबरअखेर ते एप्रिल. तिथे दोन्ही मोसमांचा पाऊस पडतो, त्यामुळे आपल्याकडे दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा तिथलं आभाळ मोकळं असेलच असं नाही. मेच्या मध्यापासून पुढे नकोच.

घड्याळ आपलं, सूर्य त्यांचा

अंदमान पार पूर्वेला आहे, पण घड्याळ भारताचंच. फेब्रुवारीत नाशकात सूर्य साडेसहाला मावळतो, तिथे साडेपाचच्या आत. डिसेंबरात तर पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. सकाळी मात्र पावणेसहाला लख्ख. जे लोक नेहमीसारखे नऊला उठून, नाश्ता करून, अकराला बीचवर पोचतात, त्यांच्या वाट्याला फक्त भाजणारं ऊन येतं.

म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून तिथल्या सूर्याप्रमाणे चालू द्या. रात्री आठला झोप, पहाटे साडेपाचला जाग. सहा ते नऊ पाण्यात. नऊ ते तीन सावलीत: जेवण, झोप, पत्ते, चित्रं. तीन ते पाच पुन्हा पाणी. आमची थोरली घरी शाळेसाठी चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. तिथे तीच साडेपाचला आजीला हलवून उठवत होती.

राधानगर पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त तिकडे. कालापत्थर पूर्वेला, म्हणून सकाळी तिकडे. जेट्टीपासून राधानगर बारा-एक किलोमीटर आहे. रिक्षावाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा, अंधार पडल्यावर पेंगुळलेलं पोर खांद्यावर घेऊन रिक्षा शोधण्यात मजा नाही. राधानगरला 2020 साली ब्लू फ्लॅग हा स्वच्छ किनाऱ्याचा शिक्का मिळाला. आईबापांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की कपडे बदलायला खोल्या आणि अंग धुवायला पाणी आहे. ते फार मोठं सुख आहे.

सासूबाईंचं गणित

कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. सासूबाईंनी हॅवलॉकला पहिल्या सकाळी बोटांवर हिशेब केला, आम्ही त्या वेळेला गेलो, तर पाणी आधीच चढून बसलेलं. त्यांना ते फार लागलं. शेजारी जाळं विणत बसलेल्या एका बोटवाल्याने हिंदीत समजावलं, "माँजी, वो आपके उधर का टाइम है।" आपला हिशेब आपल्या किनाऱ्याचा, दुसऱ्या समुद्राला तो जसाच्या तसा लागू होत नाही. सासूबाईंनी मग त्या दिवशीची वेळ त्याला विचारून कागदावर लिहिली, आणि पुढचे दिवस त्यात रोज पाऊण तास मिळवत गेल्या. तेवढं मात्र बरोबर बसलं. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे सगळीकडे सारखंच.

तुम्हाला गणित करायची गरज नाही. हॉटेलात विचारा, बोटवाल्याला विचारा, पण रोज विचारा. कारण मुलांसाठी भरती आणि ओहोटी हे दोन वेगळे बीच असतात. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे, समुद्रकाकड्या दिसतात. धाकट्याने तिथे दीड तास काढला, मोबाइल मागितला नाही. पण तेव्हाच प्रवाळाचे धारदार तुकडे उघडे पडतात, पायात सँडल हवीच. जुने फ्लोटर्स न्या, चप्पल वाहून जाते. नीलला गेलात तर तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो. एजंटने भरतीची वेळ दिली तर बदलून घ्या.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. पोहायचे दिवस अष्टमीच्या आसपास आले तर चांगलं, तेव्हा भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं. सासूबाईंचा आणखी एक नियम: मूल पाण्यात असेल तेव्हा मोठ्याने त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं, किनाऱ्याच्या बाजूला नाही. लाटेने ओढलं तर पोर तुमच्या अंगावर येऊन अडतं. मी तोवर वाळूवर उभी राहून "फार आत जाऊ नको" असं ओरडत होते.

खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांच्या बाजूला मुलांना सोडू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि जिथे पाटी लावलेली असते तिथे ती शोभेसाठी नसते.

बोट आणि ओकारी

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी फेरी दीड-दोन तासांत नेते, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. खासगी बोट बंद आणि एसीची असते. एसी इतका गार की फेब्रुवारीतही शाल लागली. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा जरा मागे घ्या. पुढे उसळी जास्त बसते. आम्ही जाताना पहिल्या रांगेत बसलो होतो, "व्ह्यू चांगला" म्हणून.

उपाशीपोटी बसवू नका, आणि भरल्यापोटीही नाही. निघण्याआधी तासभर कोरडं काहीतरी द्या: दोन खाकरे, नाहीतर भाजके पोहे. दूध नको. बोटीत मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद, नजर लांब क्षितिजावर. थोरलीला आलेपाकाची वडी चघळायला दिली, ती ठणठणीत राहिली. ओकारीची गोळी द्यायची असेल तर बोट सुटायच्या तासभर तरी आधी, आणि लहान मुलाला तुमच्या डॉक्टरला विचारूनच. सुटल्यावर दिलेली गोळी पोटात थांबत नाही. हाताशी दोन प्लास्टिक पिशव्या, ओला रुमाल आणि एक जादा टी-शर्ट ठेवा. मुलाचा नाही, तुमचा.

लाइफ जॅकेट घातलं की मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढा. ते कानापर्यंत आलं तर मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. बदलून मागा. एलिफंट बीचला जाणाऱ्या छोट्या बोटीवर आम्ही धाकट्यासाठी तीन जॅकेटं बदलली, मागचे लोक कुरकुरले. कुरकुरू द्या.

औषधांची पिशवी

हे माझं क्षेत्र, तरी थोडक्यात सांगते. रोजची औषधं घरूनच, पूर्ण दिवसांची आणि वर तीन दिवसांची. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. मध्ये समुद्र आहे, म्हणून "तिथे घेऊ" म्हणू नका.

तापाचं औषध नेहमीच्याच ताकदीचं न्या. पॅरासिटामॉलचं सिरप 125 चं येतं आणि 250 चंही. बाटल्या सारख्याच दिसतात, डोस दुप्पट होतो. आणि डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. जाण्याआधी मुलाचं वजन करा, डॉक्टरकडून मिली लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला रबरबँडने बांधा. रात्री दोनला, दिवे गेलेले असताना, तुम्हाला काही आठवत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट पेल्यात असा अंदाजपंचे हिशेब नको. पाण्याची एक लिटरची बाटली मिळतेच, तीत अख्खं पाकीट ओता, चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका. चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे. धाकट्याला ताप आला त्या रात्री मी चमच्याचमच्याने पाजत बसले, दर दोन मिनिटांनी एक. पहाटे चारला त्याने लघवी केली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दिवसातून किती वेळा शू झाली ते मोजा, पाणी पुरतंय का ते तिथेच कळतं.

उन्हासाठी क्रीमपेक्षा कपडा भरवशाचा. पूर्ण बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट आणि मागे मानेवर पडदा असलेली टोपी. उघड्या राहणाऱ्या भागाला एसपीएफ 30 किंवा वरचं क्रीम, पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नाही, सावली.

आणि वाळूतल्या चिलटांबद्दल एजंट बोलत नाही. राधानगरला संध्याकाळी झाडांच्या कडेच्या कोरड्या वाळूत ती असतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भाजी चिरायच्या पाटासारख्या होतात. सासूबाईंनी दोघांच्या पायांना खोबरेल तेल थापलं, त्या थरातून चिलटांना चावता आलं नाही. मी "नंतर लावते" म्हटलं. आठवडाभर कॅलामाइन लावत होते. कोरड्या वाळूत लोळू नका, ओल्या वाळूवर बसा.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका. हॅवलॉकच्या गावांत पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे, भात आणि मासे उत्तम मिळतात. तिखट चालत नसेल तर साधा डाळभात मागा. आम्ही बरोबर मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली नेली होती, पाच दिवस धाकट्याचं जेवण त्यावर झालं. पाणी सीलबंद किंवा उकळलेलं. रोख पैसे जास्त न्या, एटीएमच्या भरवशावर राहू नका. चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल 2020 साली सुरू झाली, तरी बेटावर रेंज मनाला येईल तशी येते. तिकिटं कागदावर छापून न्या.

जेल, हरणं आणि विसाची नोट

सेल्युलर जेल दिवसा दाखवा, सकाळी, पोटभर झोप झालेली असताना. शो दहाच्या पुढच्या मुलांसाठी ठीक आहे. सावरकरांचं जन्मगाव भगूर आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, त्यामुळे त्यांची कोठडी बघणं सासूबाईंसाठी यात्रेसारखं होतं. 1911 साली सावरकरांना तिथे आणलं आणि 1921 मध्ये हलवलं. कोठडी तिसऱ्या मजल्यावर, टोकाला. गुडघे दुखत असतील तर जिना हळू चढा. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत.

मुलांना इतिहास सांगत बसू नका, कोठडीत उभं करा. कोठडी साधारण साडेतेरा बाय सात फूट. थोरली भिंतीला टेकून आडवी झाली, मग पावलं मोजली, आणि म्हणाली, "आपलं बाथरूम आणि पॅसेज मिळून." थोड्या वेळाने हळूच विचारलं, "शू लागली तर?" मडकं, असं सांगितल्यावर ती गप्प झाली. कोलूपाशी, म्हणजे कैद्यांना जुंपायचे त्या तेलाच्या घाण्यापाशी, मात्र आजीनेच सगळं सांगितलं, मी मागे राहिले.

धाकट्याला यातलं काही लागलं नाही. त्याच्यासाठी रॉस बेट. बोटीने दहा-पंधरा मिनिटं, आणि उतरल्यावर मोकळी फिरणारी हरणं. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळ्यांनी मिठ्या मारलेल्या. चढ आहे, पण बॅटरीची गाडी मिळते. बंद असण्याचा वार आधी विचारून घ्या.

जाताना जुनी लालसर विसाची नोट खिशात ठेवा. तिच्या मागच्या बाजूला माडांमधून दिसणारा समुद्र आणि दीपगृह आहे, ते इथलंच, नॉर्थ बेचं. थोरली बोटीतून नोट डोळ्यांसमोर धरून जुळवत होती. आजूबाजूच्या चार पोरांनी बापांची पाकिटं उघडायला लावली.

स्नॉर्कलिंग करायचं असेल तर मास्कची सवय घरी करून घ्या. आमच्या बाथरूममध्ये धाकटा पंधरा दिवस बादलीत तोंड घालून "मासा दिसला" म्हणत होता. काचेवर धुकं येऊ नये म्हणून बेबी शाम्पूचा एक थेंब आतून चोळून विसळा. स्कूबासाठी दहा वर्षं पूर्ण लागतात, थोरली हिरमुसली. तिला काचेच्या तळाची बोट पुरली.

खिसे

परतीच्या दिवशी विमानतळावर आमची बॅग एक्स-रे मशीनने बाजूला काढली. उघडली तर धाकट्याच्या चड्डीच्या खिशात प्रवाळाचा बोटभर पांढरा तुकडा, आणि दोन शिंपल्या. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा उचलून नेता येत नाही. जवान चांगला होता. त्याने पोराला जवळ बोलावलं, टेबलाखालून एक प्लास्टिकचा टब ओढला आणि म्हणाला, "तू खुद डाल।" टब अर्धा भरलेला होता. धाकट्याने तुकडा टाकला, शिंपल्या मुठीत धरून ठेवल्या, मग आजीकडे बघून त्याही टाकल्या.

तेव्हा हॉटेल सोडताना आधी मुलांचे खिसे उलटे करा. बूट झटका, वाळूच्या बादलीचा तळ बघा. किनाऱ्यावरच मुलांना सांगा की जमवायचं, रांगेत मांडायचं, फोटो काढायचा आणि भरती यायच्या आधी परत ठेवायचं. आणि आजीच्या पिशवीचा आतला कप्पा तपासायला विसरू नका. आमच्या सासूबाईंच्या कप्प्यात रुमालात बांधलेली आणखी एक शिंपली निघाली, तीही टबात गेली.